सिद्राम कोष्ट्याचा खांदा

वडगावच्या कोष्ट्यांत सिद्रामअण्णा दोन गोष्टींसाठी ओळखला जायचा. एक त्याचं लुगडं आणि दुसरी त्याची जीभ. लुगडं असं, की बाजारातल्या म्हाताऱ्या काठावर बोट फिरवून सांगायच्या, हे सिद्रामचं. आणि जीभ अशी, की दुसऱ्या कुणी विणलेलं कापड नजरेला पडलं की ती काही तोंडात राहायची नाही. पाठचा भाऊ परशराम, एकाच घरात, शेजारच्याच मागावर बसणारा. त्याच्या विणीला सिद्राम तोंडावर बारदान म्हणायचा. परशराम हसून घ्यायचा. दुसरं करणार तरी काय?

तर असल्या माणसाचा उजवा खांदा आखडला. दुसरं महायुद्ध संपलं, त्याच्या पुढच्या पौषातली गोष्ट. पडला नाही, झडला नाही, कुणाशी मारामारी नाही. एके दिवशी सकाळी सदरा घालायला गेला आणि हात काही छातीच्या वर जाईना. बायकोनं, सोनाबाईनं, सदरा चढवून दिला. दुसऱ्या दिवशीही तिनंच दिला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अवो, पोरगी सासरला निघाली आन तुमी परत अंगड्या-टोपड्यात आलासा व्हय?"

पोरगी सासरला निघाली होती, हेच तर दुखणं होतं. धाकट्या गुणाबाईचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि त्या घरात लेकीच्या लग्नातलं लुगडं बाप स्वतः विणायचा. कधीपासून ते कुणाला ठाऊक नाही. सिद्रामच्या बहिणीचं लुगडं त्यांच्या बापानं तापानं फणफणत विणलं होतं. सिद्रामनं थोरल्या अक्काताईचं विणलं, तेव्हा ते बघायला शहापुरातनं बायका आल्या होत्या. गुणी त्या वेळी सहा वर्षांची. "माझं ह्याच्यापरास चांगलं पायजे," असं तिनं तेव्हाच बापाला बजावलं होतं आणि बापानं व्हय म्हणून मान हलवली होती. आता लुगड्याचा पन्हा रुंद. आडवा धागा नेणारा धोटा या काठाकडून त्या काठाकडं फेकायचा म्हणजे दोन्ही खांदे मोकळे हवेत. सिद्रामचा एक खांदा तर कुलूप लावल्यागत बसला होता.

"अण्णा, मी इनतो की," परशराम एकदा भीतभीत म्हणाला. "मी काय परका हाय व्हय?"

"तू इनलेलं नेसून पोरगी बोहल्यावर चढली, तर न्हवरा म्हणंल नवरी पोत्यात घालून आणल्या."

परशराम पुन्हा हसला, पण या वेळी जरा कमी.

तेल झालं, विटेचा शेक झाला. नंदगडच्या वैदूनं एक लेप दिला. त्याच्या वासानं गल्लीतली कुत्री सिद्रामच्या मागं मागं फिरायला लागली, खांदा मात्र तिथंच. शेवटी सोनाबाईला कुणीतरी सांगितलं की बेळगावात सरकारी दवाखान्याच्या मागं एक खोली आहे. तिथं औषध देत नाहीत, सुई टोचत नाहीत, नुसतं हातपाय हलवून घेतात. युद्धात जखमी झालेल्या शिपायांसाठी ती उघडली होती. शिपाई कमी झाले तशी गावातली माणसंही घ्यायला लागले होते.

खोली जयाबाईंच्या ताब्यात होती. तिशीच्या, सावळ्या, पदर कमरेला खोचलेला. मिशनच्या शाळेत शिकल्या होत्या आणि युद्धाच्या दिवसांत पुण्याच्या लष्करी इस्पितळात दोन वर्षं राहून मालिश, शेक, कसरत हे सगळं शास्त्रशुद्ध शिकून आल्या होत्या. त्यांनी सिद्रामला भिंतीपुढं उभं केलं आणि म्हणाल्या, "उजव्या हाताची बोटं भिंतीवरनं चालवत वर न्या."

"भिंत चढायला मी पाल हाय व्हय?"

"चढा तर खरं."

बोटं छातीपर्यंत चढली आणि थांबली. जयाबाईंनी तिथं खडूनं रेघ ओढली. मग त्याला बाकावर बसवून त्यांनी खांद्यात दोन्ही अंगठे असे रुतवले, की वडगावभर दुसऱ्यांना रडवणारा सिद्राम बाजूच्या माणसांदेखत आई गं म्हणून ओरडला. बाजूची माणसं म्हणजे एक हिंडलग्याचा नागोजी होता. इटलीच्या डोंगरात गोळी लागून त्याची उजव्या हाताची बोटं काटक्यांसारखी ताठ झाली होती आणि तो परातीतले चिंचोके एकेक उचलून वाटीत टाकत बसला होता. सिद्रामचं ओरडणं ऐकून त्याला फार बरं वाटलं, कारण आदल्या दिवशीपर्यंत खोलीत तोच सगळ्यात मोठ्यानं ओरडायचा.

"तुम्ही कोष्टी ना?" जयाबाई म्हणाल्या. "मग तुमचं औषध माझ्याकडं तयार आहे." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या मागावरची चादर काढली.

सिद्राम बघतच राहिला. पंचाएवढ्या पन्ह्याचा, लाकडी चौकटीचा तो लहान माग लष्करातनं आला होता. आणि त्याची काय दशा! ठोक द्यायच्या फणीला वाळूची पिशवी बांधलेली, म्हणजे ती ओढताना माणसाचा दम निघावा. धोटा उडवायची दोरी, जी हाताशी असायला हवी, ती पार डोक्याच्या वर नेऊन टांगलेली. कोष्ट्याच्या घरात असला माग कुणी ठेवला असता तर त्याला मुलगी दिली नसती.

सिद्राम त्या दिवशी काही बोलला नाही. परक्या घरचा माग, उगीच कशाला नावं ठेवायची, असा पोक्त विचार त्यानं आयुष्यात पहिल्यांदा केला. पण जयाबाई नागोजीकडं वळल्या, कोपऱ्याकडं त्यांची पाठ झाली, तशी त्यानं डाव्या हातानं वाळूची पिशवी सोडून बाकाखाली सारली, दोरी उतरवून कमरेशी आणून बांधली, दोन सैल खुंट्या ठोकल्या आणि मग निवांत विणायला बसला. कोष्टी मागावर बसण्याआधी माग नीट करतो. जेवायला बसण्याआधी आपण पाट सरळ करतो ना, तितकंच ते सहज. उजवा हात मांडीवर ठेवून, डाव्या हातानं सगळं करत त्यानं वीतभर पट्टी अशी विणली, की जयाबाई दुरूनच बघून म्हणाल्या, "वा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जयाबाईंना पिशवी बाकाखाली सापडली. त्यांनी दवाखान्याच्या हमालाला, जोतिबाला, बोलावून झापलं. "झाडताना माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही, किती वेळा सांगायचं?" जोतिबानं तोंड पाडून पिशवी पुन्हा बांधली, दोरी पुन्हा वर टांगली. सिद्राम आला, त्यानं पुन्हा सोडली. चौथ्या दिवशी जोतिबानं चिडून पिशवी तारेनं आवळली. पाचव्या दिवशी सिद्राम कोपरीच्या खिशात पकड घेऊन आला. या दवाखान्यात माग बिघडवणारा कुणीतरी येडा आहे, पण आपणही वडगावचे आहोत, असं त्यानं घरी सोनाबाईला सांगितलं. तिकडं जोतिबा आपल्या बायकोला सांगत होता की खोलीत भूत आहे आणि त्याला वाळू आवडत नाही.

तीन आठवडे झाले. पट्टी सहा हात लांब झाली, एकसारखी, सुरेख. पण खडूची रेघ भिंतीवर होती तिथंच होती. दवाखान्याचे मोठे डॉक्टर फेरीला आले, त्यांनी पट्टी बघितली, रेघ बघितली आणि जयाबाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही हा दवाखाना चालवताय की कापडाचं दुकान?" जयाबाईंचा चेहरा उतरला. असा आखडलेला खांदा या कामानं सुटतोच, हे त्यांनी पुण्यात डोळ्यांनी बघितलं होतं. मग ह्याचाच का सुटत नाही? त्या दिवशी त्या खोलीबाहेर गेल्यासारखं करून लगेच परत आल्या, आणि बघतात तर सिद्राम पकडीनं तार तोडतोय.

"अण्णा! हे तुम्ही करताय?"

"मग काय तर! तीन आठवडं झालं, रोज माग सरळ करतोय. तुमचा तो जोत्या रोज वाकडा करून ठेवतोय."

"तो वाकडाच हवाय!"

सिद्रामला वाटलं बाईंना ऊन लागलं. "माग? मुद्दाम वाकडा?"

"हा माग कापडासाठी नाही अण्णा, तुमच्या खांद्यासाठी आहे. दोरी वर टांगली म्हणजे दर खेपेला हात वर जावा. पिशवी बांधली म्हणजे ओढताना जोर लागावा. तुम्ही रोज माझं औषध काढून फेकून देताय."

"आन मग कापड?"

"कापड गेलं खड्ड्यात!"

हे मात्र बोलायला नको होतं. सिद्रामनं पकड खिशात घातली, टोपी नीट केली, आणि ज्या घरात कापडाला असं बोलतात तिथं आपण पाणीसुद्धा घेणार नाही म्हणून चालता झाला.

घरी आला तर परशराम गुणीच्या लुगड्याचं जरतारी सूत हातात धरून उजेडात बघत होता. भावाला बघून त्यानं ते झटकन खाली ठेवलं. पण सिद्राम ओरडला नाही. तो स्वतःच्या मागावर जाऊन बसला आणि त्यानं धोटा फेकून बघितला. धोटा अर्ध्यातच उभ्या धाग्यांच्या ताण्यात अडकला. पुन्हा फेकला, पुन्हा अडकला. गुणी दारात उभी होती. ती मान वळवून आत गेली, आणि सिद्रामला त्याचंच फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी जयाबाई टांगा करून वडगावात आल्या. सोनाबाईनं त्यांना चहा दिला. सिद्रामनं पाठ दिली. जयाबाईही त्याच्याकडं वळल्या नाहीत. परशराम विणत होता तिकडं बघत चहा पीत बसल्या. एवढ्यात परशरामाच्या ताण्यातला धागा तुटला. रुसून बसलेला सिद्राम तटकन उठला, डाव्या हाताच्या चिमटीत तुटलेलं टोक पकडलं, बाजूला पडलेल्या रिळावरनं उजव्या हातानं नवा धागा ओढला आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाठ मारून पुन्हा रुसायला जाऊन बसला.

"डावी चिमटी सोडून त्याच हातानं रीळ घेतलं तर चालत नाही?" जयाबाईंनी विचारलं.

धंद्यातला प्रश्न आला की सिद्रामला रुसवा धरवत नसे. "टोक सोडलं की हजार धाग्यांत हरवतंय बगा. मग बसा हुडकत. कोष्टी पेटल्या घरातबी टोक सोडनार न्हाय."

जयाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. सोनाबाई त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती आणि बाईंना काहीतरी सुचलंय हे तिला कळलं. ती शहाणी, बशी उचलून आत निघून गेली.

"अण्णा, मी चुकले. कापडाला तसं बोलायला नको होतं," जयाबाई म्हणाल्या. "तुम्ही मागावर बसू नका. पण त्या नागोजीला विणायला शिकवाल का? त्याची बोटं सुटायला हवीत आणि मला काही शिकवता येत नाही. पिशवी नाही, दोरी तुम्ही म्हणाल तिथं."

"आन माझा खांदा?"

"शेक आणि मालिश चालू ठेवू. बाकीचं बघू पुढं."

मास्तर व्हायला मिळतंय म्हटल्यावर सिद्रामचा राग कुठल्या कुठं गेला. दुसऱ्या दिवशी तो टोपी धुवून हजर.

नागोजीचं विणणं काय सांगावं! ताठ बोटांनी तो धाग्याला असा धरायचा, जणू बैलाचा कासराच. दिवसात वीस धागे तुटायचे. "आरं, शत्रूचा गळा हाय व्हय रं त्यो? दाबतोयस काय!" म्हणत सिद्राम धावायचा, डाव्या चिमटीत टोक धरायचा आणि उजव्या हातानं रिळाकडं जायचा. रीळ मागाशेजारच्या खांबावर खिळ्याला टांगलेलं होतं, छातीच्या उंचीला. चार दिवसांनी ते जरा वर गेलं.

"हे वर कुणी टांगलं?"

"उंदीर कुरतडतात हो अण्णा," जयाबाई म्हणाल्या.

आठवड्यानं आणखी वर. "इथंबी उंदीर?"

"बेळगावचे उंदीर चांगले चढतात."

सिद्रामला ते पटलं, कारण शहरातलं सगळंच त्याला चढेल वाटायचं. रिळापर्यंत हात नेताना खांद्यातनं कळ यायची, डोळ्यांत पाणी यायचं. पण डाव्या चिमटीत टोक असायचं आणि ते सोडणं शक्य नव्हतं. मग तो दात आवळून हात वर न्यायचा आणि सगळी कळ शिव्यांच्या रूपानं नागोजीवर काढायचा. नागोजी फौजेतला गडी, शिव्यांना सरावलेला. पण पुढं पंचाईत अशी झाली की नागोजीची बोटं सुटायला लागली. धागे तुटेनात. पट्टी सरळ यायला लागली. सिद्राम एकदा नकळत "बरं हाय" म्हणून गेला, तेव्हा नागोजी दिवसभर छाती काढून फिरला.

त्या दिवशी जयाबाईंनी त्याला एका बाजूला घेतलं. "नागोजी, मी खोकले की धागा तोडायचा."

"बाई, आता कुठं हात बसलाय. मुद्दाम तोडू? अण्णा मला खातंय की."

"खाऊ दे. त्यांच्या लेकीचं लग्न आहे."

नागोजीनं मान खाली घातली. इटलीत त्यानं पुष्कळ हुकूम पाळले होते, पण हा त्याला सगळ्यात जड गेला. जयाबाईंना त्या दिवसापासून खोकला लागला तो हटेचना. "आरं, चार दिस बरं इनत हुतास, आज परत रेड्यावानी?" म्हणून सिद्राम कपाळाला हात लावायचा. उजवा हात. आता तो कपाळापर्यंत पोचत होता, हे खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं, फक्त त्यालाच दिसत नव्हतं.

पाडवा होऊन गेला. एके दिवशी सिद्राम लवकर आला. खोलीत कुणी नव्हतं. टेकायला म्हणून त्यानं खांबावर हात ठेवला तर बोटांना काहीतरी लागलं. साबण भरून बुजवलेलं भोक होतं. त्याच्यावर दोन बोटांवर दुसरं, त्याच्यावर तिसरं. कोष्ट्याच्या बोटांना अंतर कळतं. नऊ भोकं, एका ओळीत, दोन दोन बोटं वर, आणि दहाव्या ठिकाणी खिळा, त्याला रीळ. उंदरांसाठी कुणी बोटं मोजून खिळे मारत नाही. आणि बाई खोकल्या की नेमका नागोजीचा धागा तुटायचा, हेही त्याला आता आठवलं.

आधी त्याला राग आला. आपल्याला, सिद्राम कोष्ट्याला, कुणीतरी बैलासारखं गवत दाखवत दाखवत इथवर आणलं. मग त्यानं पुन्हा खालच्या भोकावर बोट ठेवलं, मग वरच्या खिळ्यावर, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण ते उजव्या हातानं करतोय. त्याला रडू आलं. तो डोळे पुसायच्या आतच नागोजी आत आला.

सिद्रामनं कोपऱ्यातली हातोडी घेतली, खिळा उपटला, आणि सगळ्या भोकांच्या वर, स्वतःच्या टोपीच्याही वर, हात ताणून उजव्या हातानं ठोकला. रीळ टांगलं. मग मागाशेजारी येऊन उभा राहिला.

"तोड," तो म्हणाला.

"काय तोडू?"

"धागा तोड. एवढं दिस चोरून तोडलास, आता मी सांगतोय तर लाजतोस व्हय?"

जयाबाई दारात आल्या तेव्हा सिद्राम चवड्यावर उभा होता. डाव्या चिमटीत टोक, उजवा हात सरळ वर रिळाला, तोंडानं बेळगावच्या उंदरांचा उद्धार चालू. भिंतीवरची खडूची रेघ तेवढी त्यांनी पदरानं पुसून टाकली.

गुणीचं लुगडं तेरा दिवसांत झालं. एरवी दहात झालं असतं, पण मध्ये खांदा ठणकला की तो थांबून शेकत बसायचा. परशरामाला त्यानं फक्त धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरू दिल्या, आणि त्याही दोनदा परत करायला लावल्या. काठ इतका बारीक उतरला होता की सोनाबाई घडी घालताना हळूच म्हणाली, अक्काताईला दाखवू नका.

लग्नाला जयाबाई आल्या, नागोजी आला, जोतिबाही आला. नवऱ्यामुलाची आजी, यल्लव्वा, सदलग्याहून आली होती. जन्मभर लुगडी बघितलेली बाई. तिनं नातसुनेचा पदर हातात घेतला, काठावर बोट फिरवलं, उलटी बाजू बघितली आणि चारचौघांत विचारलं, "कुणी इनलंय गं हे?"

सगळे सिद्रामकडं बघायला लागले. ही घटका त्याच्या आवडीची. अशा वेळी तो आधी टोपी सारखी करायचा आणि मग बोलायचा. त्यानं टोपी सारखी केली आणि बायकांत मागं उभ्या असलेल्या जयाबाईंकडं बोट दाखवलं.

"त्या बाईंनी इनलंय."

सगळ्या माना तिकडं वळल्या. जयाबाई घाबऱ्या झाल्या. "अहो अण्णा, काय बोलताय? मला साधी गाठ मारता येत नाही!"

"त्ये मला ठावं हाय," सिद्राम म्हणाला. "तरीबी त्यांनीच इनलंय."

परशराम हातात अक्षतांचं ताट घेऊन उभा होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. यल्लव्वाला मात्र असल्या गोष्टी तोंडी पटत नसत. ती काठी टेकत जयाबाईंपाशी गेली, त्यांचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला आणि कोष्ट्याच्या हाताची पारख करतात तसा अंगठा दाबून बघितला. किती माणसांचे खांदे, गुडघे, मनगटं रगडून त्या अंगठ्याला दगडासारखा घट्टा पडला होता. म्हातारीनं दुसराही अंगठा दाबून बघितला.

"खरं हाय गं," ती मागं वळून बायकांना म्हणाली. "कष्टाचा हात हाय. हिनंच इनलंय."